वनस्पतिजन्य संयुगे, औषधवहन प्रणाली आणि कष्टार्तव : एक चिकित्सा

मासिक पाळीतील वेदनेला आयुर्वेदात ‘कष्टार्तव’ अशी संज्ञा आहे. सुंठ, हळद, मेथी, बडीशेप यांचा त्यावरील घरगुती उपयोग सर्वपरिचित आहे. अलीकडे याच वनस्पतींतील संयुगे अतिसूक्ष्म कणांत, लिपोसोममध्ये किंवा त्वचेवरील पट्टीतून देण्यासंबंधी विपुल लेखन प्रसिद्ध होत आहे. प्रस्तुत टिपणात, या लेखनात यश कशाने मोजले जाते, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ऋतुस्रावात स्नायूंचे आकुंचन घडविणारे द्रव्य असते, हे पिकल्स यांनी १९५७ साली दाखविले. ही द्रव्ये म्हणजे प्रोस्टाग्लँडिन्स होत, हे पुढे स्पष्ट झाले. त्यांची निर्मिती रोखूनच आयबुप्रोफेन वेदना शमविते. करक्युमिनही प्रयोगशाळेत तसे करताना दिसते. परंतु ते आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि शरीरात त्वरित रूपांतरित होते. औषधवहन प्रणालीचे प्रयोजन येथून सुरू होते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातील पिपेरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा तेव्हापासून वारंवार उद्धृत होतो. मात्र मूळ पातळी जवळजवळ मोजता न येण्याइतकी अल्प होती, याचा उल्लेख क्वचितच होतो. शिवाय पिपेरिन इतर औषधांचेही विघटन मंदावते. तेव्हा ही वाढ सर्वस्वी निरुपद्रवी मानता येत नाही. त्यातच करक्युमिन अनेक चाचण्यांत फसवे निष्कर्ष देते, असा सप्रमाण आक्षेप २०१७ मध्ये घेतला गेला आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांची स्थिती अधिक विचित्र आहे. मादी उंदरास इस्ट्रोजेन व नंतर ऑक्सिटोसिन टोचून ती किती वेळा अंग पिळवटते, हे मोजले जाते. वस्तुतः प्रयोगशाळेतील नेहमीच्या उंदरास पाळीच येत नाही! (काटेरी उंदराच्या एका जातीत ती २०१६ साली आढळली, हा अपवाद.) अशा प्रयोगावरून स्त्रीच्या वेदनेविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

स्त्रियांवरील प्रत्यक्ष चाचण्या पाहता, २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत आहारपूरकांच्या २७ चाचण्या व ३१०१ स्त्रिया समाविष्ट होत्या. आल्याच्या बाजूने मर्यादित पुरावा मिळाला. उच्च दर्जाचा पुरावा मात्र कशाच्याच बाजूने मिळाला नाही. आल्याचा वास व तिखटपणा लपविणे कठीण, त्यामुळे आपणास खरे औषध मिळाले की बनावट गोळी, हे सहभागी स्त्रीस ओळखता येण्याची शक्यता उरतेच.

पोट आवळून पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला रक्तातील नॅनोग्रॅमचे सोयरसुतक नसते. वेदना किती तासांत उतरली, वेदनाशामक गोळी किती वेळा घ्यावी लागली, हे तिलाच विचारावे लागेल, आणि तेही एकापेक्षा अधिक पाळ्यांत. सुंठीच्या नव्या कुपीची तुलनाही केवळ बनावट गोळीशी न करता आयबुप्रोफेनशी व साध्या सुंठपुडीशी व्हावी. सुंठपुडीचा गट नसेल, तर आराम सुंठीने दिला की कुपीने, याचा निवाडा त्या चाचणीतून होऊ शकत नाही.