स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी

मूर्तिजापुराहून यवतमाळच्या बाजूनें दक्षिणेस जात राहिलें म्हणजे शेवटीं पैनगंगा लागते. १९४८ पर्यंत तिच्या पलीकडे निजामाचें राज्य होतें. वऱ्हाडावरही नांवापुरतें स्वामित्व १९४७ पर्यंत त्याचेंच. १९३६ च्या करारानें त्याच्या युवराजास वऱ्हाडच्या नांवाची पदवीही मिळाली होती. असें असूनही इकडे १९३७ सालीं कायदेमंडळासाठीं मतदान झालें, आणि पलीकडे साधी सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजींत लिहून १९६७ सालीं प्रसिद्ध केल्या. वऱ्हाडांतील वाचकानें त्या ह्या जाणिवेनें वाचाव्या.

हैदराबाद स्टेट काँग्रेसची आरंभींची मागणी सौम्य होती: निजामाच्या छत्राखालीं जबाबदार राज्यपद्धति. तरीही सप्टेंबर १९३८ मध्यें, संस्था रीतसर स्थापन होण्यापूर्वींच, तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला व डिसेंबरांत तो तहकूब झाला. सरकारचा मुख्य आक्षेप 'काँग्रेस' ह्या नांवास होता. बंदी उठली ती जुलै १९४६ मध्यें. एका नांवासाठीं जवळजवळ आठ वर्षें घालविणें शहाणपणाचें होतें काय? आमच्या मतें होतें. जी संस्था आपलें नांव सरकारच्या मर्जीनें ठेवते, तिला उद्यां आपला ठराव व परवां आपला अध्यक्षही त्याच मर्जीनें निवडावा लागतो. शिवाय त्या वर्षांत महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा व कर्नाटक परिषद यांच्या अधिवेशनांतून लोकांस चर्चेची आणि ठरावांची संवय लागतच होती.

ग्रंथाची मर्यादा वेगळ्या ठिकाणीं आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वामीजींस अटक झाली. नोव्हेंबरअखेर सुटका झाली, आणि जानेवारी १९४८ पासून पोलिस कारवाई होईपर्यंत ते पुन्हां तुरुंगांत होते. ह्याच महिन्यांत सरहद्दीवर, आमच्या उमरखेडासारख्या ठिकाणीं, कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या व सशस्त्र प्रतिकार चालला होता. लोकशाही मागणाऱ्या संस्थेचे शस्त्रधारी कोणास जबाबदार होते, हा प्रश्न अवघड आहे. बंदिवान नेत्यास त्याचें उत्तर प्रत्यक्ष पाहून देणें शक्य नव्हतें. त्यासाठीं लढ्यांतले दुसरे कार्यकर्ते अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) हा ग्रंथ जोडीस घ्यावा. त्याचप्रमाणें स्वामीजींचा गट व बुर्गुल रामकृष्णरावांचा गट यांच्यांतील वादाविषयीं येथें जें आहे, तें एका पक्षाची साक्ष म्हणून वाचावें. निकाल म्हणून नव्हे.

ह्या वादामुळें संस्थेची किंमत कमी होते असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. १९५२ च्या निवडणुकीनंतर रामकृष्णराव हैदराबादचे मुख्यमंत्री झाले व स्वामीजी लोकसभेवर गेले. ज्या राज्यांत पूर्वीं मतभेद हा गुन्हा होता, तेथें दोन प्रतिस्पर्धी मतदारांपुढें उभे राहिले आणि कोणासही तुरुंग पाहावा लागला नाहीं. संस्थेनें १९३८ सालीं मागितलें होतें तें याहून फारसें निराळें नव्हतें. स्वामीजींचें पुस्तक प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें वाचावें अशी आमची शिफारस आहे.