व्हिटो रूसो चाचणी: मोजपट्टीच 'जरा कमी दाखवा' म्हणते तेव्हा

चित्रपटांतल्या क्वीअर पात्रांवर प्रोजेक्ट करायचा विचार असेल, तर व्हिटो रूसो चाचणी तुमच्या वाचनात येईलच. अमेरिकेतल्या ग्लाड या संस्थेने ती २०१३ मध्ये मांडली. रूसो हे चित्रपट-इतिहासकार आणि ग्लाडच्या संस्थापकांपैकी एक.

निकष तीन आहेत:

१. चित्रपटात गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स किंवा क्वीअर म्हणून ओळखू येणारं पात्र हवं.
२. त्या पात्राची ओळख फक्त किंवा मुख्यतः लैंगिकतेवरून वा लिंगभावावरून ठरलेली नसावी.
३. पात्र कथेत इतकं गुंतलेलं हवं, की काढलं तर मोठा फरक पडेल.

तिसरा निकष मला फार कामाचा वाटतो. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मध्ये एक माणूस दुसऱ्या पुरुषासोबतच्या डेटबद्दल काही वाक्यं बोलतो. ती कापली तरी कथेचं काहीच बिघडत नाही. असं नावापुरतं पात्र हा निकष बरोबर पकडतो.

खरी अडचण दुसऱ्या निकषाची आहे.

तो कशासाठी आला असेल, हे समजतं. 'मस्त कलंदर' (१९९१) मधला अनुपम खेर यांचा पिंकू आठवा. बाईलपणा एवढीच त्याची ओळख, आणि तोच विनोद. असली पात्रं नापास व्हायला हवीत, यात वाद नाही.

पण पिंकूमध्ये नेमकं काय खटकतं? तो ठळकपणे क्वीअर दिसतो, हे? की चित्रपट त्याला हसतो, हे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निकष त्या एकाच खान्यात टाकतो. मग कोडिंग करणारा काय करणार? चालण्या-बोलण्यातून, कपड्यांतून, प्रेमातून जे पात्र उघड दिसतं, त्याचे गुण कापणार. आणि 'गे आहे, पण जाणवत नाही' असं पात्र आरामात पास होणार.

आता आपण कंट्रोल लावून बघू. हाच निकष उलटा करून 'सैराट'ला (२०१६) लावा. पूर्वार्धात परश्याचं बहुतेक सगळं चित्त आर्चीपाशी असतं. म्हणून 'हे पात्र मुख्यतः त्याच्या लैंगिकतेवरून ठरलंय' असं कुणी लिहितं का? नाही, आपण त्याला प्रेमकथा म्हणतो. जी अट एका गटाला लावली जाते आणि दुसऱ्याला लावायचं सुचतही नाही, ती मोजमापात बायस आणते.

मग चाचणी टाकून द्यायची का? अजिबात नाही. दुसऱ्या निकषाच्या जागी दोन स्वतंत्र कॉलम करा: पात्र किती उघडपणे क्वीअर आहे, आणि हसू कुणाच्या खर्चाने येतंय. दोन कोडर एकमेकांना न विचारता भरू देत. त्यांचं कुठे जुळत नाही, ते आवर्जून पाहा. बऱ्याचदा खरा शोध तिथेच लागतो.

हे निव्वळ तांत्रिक खुसपट नाही. 'असशील तू, पण एवढं दाखवू नकोस' हे वाक्य तुमच्यापैकी काहींनी घरी किंवा हॉस्टेलवर ऐकलं असेल. आपली मोजपट्टीही तेच म्हणत असेल, तर आपण दबाव मोजत नाही, त्यात भर घालतोय. म्हणून कुठलीही तयार चाचणी उचलण्याआधी एक प्रश्न विचारा: हिच्यात पूर्ण मार्क मिळवायला त्या पात्राला काय लपवावं लागेल?