ब्राउझरचा ‘इतिहास’ : एक साधनचिकित्सा

शेंदूरजनाघाट ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे १३व्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांच्या आठवणी त्यांनी भक्तांना गाठून मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. सांगणारा कोण, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या मुळाशी आहे.

आजचा ब्राउझरही आपल्या नोंदवहीस ‘इतिहास’ असेच म्हणतो. पाहिलेल्या पृष्ठांचे पत्ते व वेळा तो निमूटपणे टिपतो. चित्रांच्या प्रती साठवितो. १९९४ साली निघालेल्या ‘कुकी’च्या योगे संकेतस्थळांना ओळख पटवितो. फाइल पुसली तरी पुष्कळदा केवळ तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर काही काळ उरतो.

तथापि या खुणा यंत्राच्या होत, व्यक्तीच्या नव्हेत. शेंदूरजनाघाटच्या एखाद्या घरी बाप संत्र्यांचे भाव पाहतो व मुलगी परीक्षेचा अर्ज भरते. संगणक एकच असला, तर दोघांची नोंदही एकच होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीस प्रमाणपत्र लागते. परंतु कळफलकापुढे कोण बसले होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

ज्या नोंदीवरून एखाद्यास दोषी ठरविता येते, तिला इतिहास म्हणण्यापूर्वी म्हाइंभटांची कसोटी लावणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.