बहुमताची जाळी आणि लुप्त बेटे

भूमी ‘१’ व समुद्र ‘०’ अशा अंकांनी दाखविणारी नकाशाची जाळी भरड करताना बहुमताचा नियम सर्रास लावला जातो: ज्या चौकोनात निम्म्याहून अधिक भूमी, तो चौकोन भूमीचा. हा नियम निःपक्षपाती भासतो. तथापि विखुरलेल्या लहान भूभागांवर तो अन्याय करतो. लक्षद्वीपची सारी भूमी सुमारे ३२ चौरस किलोमीटर. पाव अंशाच्या जाळीतील एक चौकोन तेथे सुमारे ७५० चौरस किलोमीटरांचा. सर्व बेटे एकाच चौकोनात रचली, तरी ती त्याचा जेमतेम ४ टक्के भाग व्यापतील. अशा जाळीवर भाषांचा नकाशा आखल्यास मिनिकॉयची महल भाषा त्यातून नाहीशीच होईल. उलट, भूमीचा अंश दिसताच ‘१’ लिहिल्यास बेटे अवास्तव फुगतात. म्हणून प्रत्येक चौकोनातील भूमीचे प्रमाण अपूर्णांकात जपावे आणि ‘आहे-नाही’चा निर्णय अखेरीस, प्रयोजन पाहून करावा, हेच शास्त्रशुद्ध होय. ‘ईआरए५’ या हवामानविषयक संचात भूमीचे प्रमाण असेच दिलेले आहे. एकदा पुसलेले बेट, जाळी पुन्हा बारीक केल्याने परत येत नाही.