झील कोण धरणार?

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ताळ हा शब्द माझ्या आयुष्यात आला तो ताळेबंदातून, आणि सूर म्हणाल तर मार्चअखेरीला साहेबांचा लागतो तेवढाच मी जवळून ऐकलेला. तरीसुद्धा गेल्या तीन वर्षांत लोकांनी घरी लिहिलेले, घरी गायलेले आणि घरीच मुद्रित केलेले एकूण बावीस पोवाडे मी नमनापासून छापेपर्यंत ऐकले आहेत. एवढ्या अनुभवावर आमच्याकडे माणसाला मॅनेजर करतात. समीक्षक करायला कुणाची हरकत नसावी.

हे माझ्या वाट्याला कसं आलं, तर काउंटरवर बसल्यामुळे. आधी शिरूरला होतो, मग दौंडला बदली झाली. दोन्हीकडे खातेदारांपाशी माझा मोबाइल नंबर. एकाने पाठवलेल्या पोवाड्यावर मी सौजन्याने ‘छान!’ असं कळवलं. ही बातमी घोडनदीच्या काठाने न्हावऱ्याला आणि तिथून पारगाव-केडगावमार्गे चौफुल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. बँकेतला माणूस छान म्हणतो म्हणजे कर्ज मंजूर झाल्यासारखंच की!

आता हे मुद्रण कसं चालतं ते सांगायला हवं. शिरूरच्या एका कापडदुकानदारांनी मला प्रत्यक्ष दाखवलं. खोली झोपायची. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकीला सतरंजी, दाराच्या फटीत जुना टॉवेल. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. महिना मे. डोक्याला फेटा मात्र पूर्ण बांधलेला. मी म्हटलं, “अहो, नुसता आवाजच घ्यायचाय ना, फेटा कशाला?” त्यावर ते म्हणाले, “फेट्याशिवाय आवाज चढत नाही.” हे मला पटलं. टाय लावल्याशिवाय आमच्या साहेबांचाही चढत नाही.

डफाची तऱ्हा आणखी निराळी. डफाला कातडं असतं, ते दमट हवेत सैलावतं आणि मग विस्तवावर शेकून ताणून घ्यावं लागतं. पूर्वी फडात शेकोटी असे. आता गॅसची शेगडी. चहाचं आधण उतरवायचं, डफ चढवायचा. त्या घरातल्या गृहिणीचा चेहरा मी पाहिला आहे, आणि तिच्यावर स्वतंत्र पोवाडा व्हायला हरकत नाही. एवढं करून डफ कडाडला, तर मोबाइलच्या आतलं शहाणं यंत्र समजतं की हा बाहेरचा गोंगाट आहे, आणि तो दाबून टाकतं. म्हणजे डफावर थाप पडते ती आपल्याला ऐकू येते ‘पुक्’. रणधुमाळीत तोफ डागली आणि सोड्याची बाटली उघडली, असा परिणाम होतो.

ह्या अडचणींबद्दल माझी तक्रार नाही. मागून कुकरची शिट्टी येते, एसटीचा हॉर्न येतो, हंगामात उसाचा ट्रॅक्टर आपली गाणी घेऊन जातो. येऊ द्या. घरी केलेल्या लाडवात एखादा बेदाणा देठासकट यायचाच. खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते सापडायला मला सतरावा पोवाडा उजाडावा लागला.

पोवाडा एकट्याचा नसतो. शाहीर पुढे डफ घेऊन, आणि त्याच्या मागे तुणतुणं, झांज घेतलेले झीलकरी. शाहिराने ओळ टाकायची, त्यांनी ‘जी जी रं जी’ करून ती उचलायची. मध्येच शाहीर थांबला की ‘मग काय झालं?’ असं विचारायचं. लोक समजतात, झील म्हणजे शाहिराला दम घ्यायची सोय. असेलही. पण मला वाटतं, झीलकरी हा फडातला पहिला श्रोता असतो. त्याने ‘मग?’ विचारलं नाही तर शाहिराला पुढे जायचं कारणच उरत नाही.

घरच्या मुद्रणात मात्र शाहीर स्वतःच झील धरतो. आधी मुख्य गाणं म्हणतो, मग कानात बोंडं घालून त्यावर एकदा ‘जी जी’, पुन्हा एकदा ‘जी जी’, आणि फड भरलेला वाटावा म्हणून तिसऱ्यांदा. तिघंही एकाच सर्दीचे. स्वतःच प्रश्न विचारायचा, स्वतःच उत्तर द्यायचं, आणि मागून स्वतःच तिघांनी मान डोलवायची! आमच्याकडे व्हाउचर एकाने लिहिलं तर तपासायला दुसरा लागतो. दोन्हीकडे एकाचीच सही दिसली की ऑडिटर खुर्चीतून उठतो. ह्या पोवाड्यांत चार सह्या असतात आणि चारही एकाच्या.

त्याचा परिणाम मजकुरावर होतो. माझ्या बाविसांपैकी चौदा पोवाडे प्रतापगडावर आहेत. विषय थोर आहे, त्याबद्दल कोण काय बोलणार. पण आपल्याला मिळालेला सर्वांत जुना पोवाडा ह्याच विषयावरचा आहे, आणि गंमत अशी की त्यात विशेषणांपेक्षा माहिती जास्त आहे. अफझलखानाचा वध झाला १६५९च्या नोव्हेंबरात आणि पोवाडा केला अज्ञानदासाने. कुणी त्याला अगिनदास म्हणतात. त्यात खानाची वाट आहे, गडांची नावं आहेत, माणसांची नावं आहेत. समोर बसलेल्यांत त्या मुलखातली माणसं असणार, चुकलं तर तिथल्या तिथे पकडणार. आमच्या चौदा जणांनी काय केलं, तर ‘धगधगता’, ‘रणरणता’, ‘कडाडता’ अशी विशेषणं ओळीने उभी केली आणि माणूस आणायचाच विसरले. तपशिलाचा रकाना कोरा ठेवून रक्कम मात्र मोठी लिहिलेली स्लिप असते ना, तसं.

काहीजण शेवटच्या कडव्यात छापेबरोबर मोबाइल नंबर गुंफतात. एकाने तर दहाही आकडे वृत्तात बसवले, आणि त्याच्या पोवाड्यातली यतिभंग न झालेली ती एकच ओळ आहे. पण मी त्याला नावं ठेवणार नाही. अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला म्हणतात. कलावंताने आपला पत्ता लावून ठेवलेला बरा.

शिवाय लिहून ठेवलं, मुद्रित केलं, हे काम मोलाचंच. हॅरी ॲकवर्थ नावाचे मुंबई महापालिकेचे कमिशनर होते. ह्या साहेबांनी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या तोंडचे जुने पोवाडे जमवून १८९१ साली पुस्तक छापलं, म्हणून आज आपल्याकडे ते आहेत. कमिशनरला पोवाडे ऐकायला वेळ होता! आमच्या नगरपरिषदेत साधा जन्मदाखला घ्यायचा तर... पण जाऊ द्या. मुद्दा असा की, गोंधळ्यांनी ते पोवाडे जपले कारण ऐकणारे पुन्हा पुन्हा मागत होते. आमचे बावीस कुणी मागितले?

एक मागावासा वाटतो. तो शिरूर तालुक्यातल्या एका उसवाल्याचा. पीककर्जाचा खातेदार, वय तिशीचं. पोवाडा बिबट्याचा. आता आमच्या बाजूला बिबट्या म्हणजे काही गोष्टीतला प्राणी नाही. उसात राहतो, उसात वितो, आणि माणसं मारल्याच्या बातम्याही येतात. शेतीची वीज रात्री येते, म्हणून दारं धरायला रात्री जावं लागतं. हा पोवाडा सुरू होतो तोच विजेच्या पाळीपासून: वार कुठला, वीज किती वाजता आली, डीपी कुणाच्या बांधावर, मोटर चालू करायला किती अंतर चालायचं. एकही विशेषण नाही. ऐकताना माझ्या पोटात गोळा आला.

हा मुलगाही एकटाच म्हणत होता, पण खोली स्वयंपाकघरालगतची आणि दार नीट लागत नसावं. तिसऱ्या कडव्यात तो म्हणतो की मी हातात कंदील घेऊन तसाच उभा राहिलो. तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज येतो, “आरं, कंदील कुटला? ब्याटरी हुती. आन् ती बी टाकून पळालास.” क्षणभर शांतता. मग त्याची बायको हसते. आणि मग त्या पठ्ठ्याने मुद्रण बंद केलं नाही! पुढचं कडवं त्याने उभ्या उभ्या रचलं. बॅटरी कुठे पडली, रात्रभर उसात ती कशी पेटलेली राहिली, आणि सकाळी आणायला गेल्यावर सेल उतरलेले होते, तेही सगळं आलं. म्हातारी ‘मंग?’ म्हणत राहिली. बावीसांत खरी झील मी एवढ्या एका ठिकाणी ऐकली.

हे सगळं मी दौंडच्या काकांना सांगायला नको होतं.

काका म्हणजे आमच्याच शाखेतले हेडकॅशियर, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. मी दौंडला नवा आलो तेव्हा एकदा माझ्या कॅशमध्ये पाच हजार कमी आले होते. सगळे घरी गेले तरी काका माझ्याबरोबर रात्री नऊपर्यंत बंडलं मोजत बसले आणि फरक काढूनच उठले. त्या काकांनी निवृत्तीनंतर मायक्रोफोन घेतला, त्यापुढे लावायची चहाच्या गाळण्यासारखी जाळी घेतली, आणि पहाटे साडेपाचला मला पोवाडे यायला लागले. एकूण सहा, आणि सहाही त्या चौदांतले. मी सहा वेळा ‘छान’ म्हटलं. सातव्यांदा त्यांनी फोनच केला. “खरं सांग रे. तू कॅशला कधी खोटं बोलला नाहीस.”

आता काय करणार? मी म्हटलं, “काका, तुम्ही प्रतापगडावर गेला आहात?”

“वाईपर्यंत गेलोय.”

“मग...”

“मग काय? अण्णाभाऊ कुठं स्टालिनग्राडला गेले होते?”

माणूस अभ्यासू! स्टालिनग्राडची लढाई १९४२-४३ची, आणि अण्णाभाऊ साठ्यांनी तिच्यावरचा पोवाडा केला तो मुंबईत बसून. मला लगेच उत्तर सुचलं नाही. माझी उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावर येतात. अण्णाभाऊंच्या समोर कामगार बसले होते, त्यांना त्या लढाईचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न आधीच फडात होता. पण मी फोनवर एवढंच म्हणालो, “काका, तुमचे झीलकरी फार होयबा आहेत.”

पलीकडून काही आवाज आला नाही. मग फोन बंद झाला. पुढचे अठरा दिवस पहाटे साडेपाचला माझा मोबाइल गप्प होता, आणि मला जाग मात्र बरोबर साडेपाचला येत होती. मी आयुष्यभर प्रत्येक साहेबाच्या मागे उभा राहून ‘जी जी’ केलं. सहा साहेब बदलले, माझा सूर बदलला नाही. खरं बोलायला माणूस निवडला तोही माझ्यासाठी नऊ वाजेपर्यंत नोटा मोजणारा.

एकोणिसाव्या दिवशी निरोप आला: ‘रविवारी ये. झील धरायला.’

गेलो. खोलीत गोधड्या, पंखा बंद, काकांना फेटा. मला झांज दिली. काकूंनी कुकर उतरवून ठेवला होता. काकांनी प्रतापगड सुरू केला. दुसऱ्या कडव्यानंतर दम घ्यायला थांबले, तेव्हा मी जीव मुठीत धरून विचारलं, “मग काय झालं?”

काकांनी कागद पाहिला. कागदावर पुढे ‘धगधगता’ होतं. त्यांनी चष्मा काढला.

“तुला माहितीये,” ते म्हणाले, “आमचे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मनमाड लायनीवर.”

“मग?”

“दौंडात शिरताना त्यांचा ड्रायव्हर शिट्टी द्यायचा. एक लांब, दोन तुटक. घरापर्यंत यायची. ती ऐकली की आई तवा टाकायची. एकदा रात्री शिट्टी आली आणि वडील आलेच नाहीत.”

“मग काय झालं?” हे मी नव्हे, दारातून काकूंनी विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी डफ पुन्हा हातात घेतला. मी झांज सावरली. मायक्रोफोन चालू करायचं तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.