इंजिन दिसलं, गाडी कुठे गेली?

मागच्या वेळी छायाचित्र आणि सत्य यांच्यावर बोलणं झालं. नंतर एकाने विचारलं, ‘सर, रेल्वेचे फोटो काढतात ती कला म्हणायची की नुसता छंद?’ आम्ही प्रश्न जरा बदलून घेतो. या फोटोंत काय दिसतं आणि काय निसटतं?

बोरघाट घ्या. कर्जतहून लोणावळ्याकडे चढ ३७ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणून लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लागेपर्यंत आपण बटाटेवडा खातो. आता घाटातला नेहमीचा फोटो आठवा. पावसाळा, हिरवा डोंगर, वळणावर पुढचं इंजिन ठसठशीत. चौकट सुंदर, वादच नाही. पण गाडी मागून ढकलणारे चौकटीबाहेर! लोक प्रवासाचे अनुभव सांगतात त्यातही बोगदा, धुकं, वडा. माणूस येतच नाही.

याउलट अमेरिकेतला ओ. विन्स्टन लिंक पाहा. १९५५ ते १९६० या काळात त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं टिपली, पुष्कळदा रात्री, फ्लॅशबल्बच्या उजेडात. त्याचं १९५६चं ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ प्रसिद्ध आहे. उघड्या मैदानात मोटारीत बसून लोक सिनेमा बघताहेत, पडद्यावर विमान आहे आणि मागून वाफेची गाडी चालली आहे. कोणी म्हणेल, हे तर मांडून काढलेलं, पडद्यावरचं विमानही नंतर बसवलेलं. खरं आहे. तरी आम्ही त्याला खोटं म्हणणार नाही. रुळाशेजारी जगणारी माणसं आणि सरत चाललेला काळ, दोन्ही तिथे एकत्र सापडतात. आपल्या निर्मळ फोटोत सगळं खरं असतं, पण गाडी कोणाशी जोडलेली आहे तेच कळत नाही.

आम्हीही यात दोषी आहोत. तरुणपणी खंडाळ्याजवळ रुळालगत उभं राहून आम्ही अख्खा रोल संपवला. एका गँगमनने ओरडून दंडाला धरून मागे ओढलं, आणि गाडी गेली. इंजिनाचे ते फोटो अजून आहेत. त्या माणसाचा एकही नाही. १८६३ साली हा घाट खुला झाला. तो बांधताना हजारो मजूर मेले. त्यांचे तरी चेहरे कुठे आहेत?

छंद सोडा, असं आम्ही म्हणत नाही. रुळांपासून लांब, सुरक्षित उभे राहा. पण पुढचं इंजिन गेलं की लगेच कॅमेरा खाली करू नका. शेवटचा डबा जाऊ द्या, बँकर जाऊ द्या. मग रुळावर परत येणारी, खांद्यावर हातोडा घेतलेली माणसं दिसतील. आधी त्यांना विचारा, मग फोटो काढा.