मासळीची कसोटी आणि तांदळांतील सोंडे

बेने इस्रायल समाजाच्या पूर्वेतिहासाची चर्चा निघाली कीं एक कथा हटकून पुढें येते. हईम सॅम्युएल केहीमकर यांनीं 1897 सालीं लिहिलेल्या व 1937 सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी इतिहासांतही ती आहे. कोंकणांत तेल गाळून राहणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ खरोखरच यहुदी आहेत काय, हें पाहण्यासाठीं दाविद राहाबीनें त्यांच्या स्त्रियांस निरनिराळी मासळी एकत्र करून रांधावयास दिली. पर व खवले नसलेली मासळी त्यांनीं तत्काळ बाजूस काढली. राहाबीच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पण कथा म्हणून ती उत्तम आहे. तींत साक्ष पोथीची नव्हे, चुलीपाशीं वावरणाऱ्या हातांची घेतली आहे.

माझा आक्षेप कथेस नाहीं, तिच्या अर्थास आहे. या अन्ननियमांत आरोग्यशास्त्राचा प्राचीन अवतार पाहण्याची आपणां इंग्रजी शिकलेल्यांस मोठी हौस. आतां समजा, राहाबीनें मासळीऐवजीं सोंडे पडलेले तांदूळ दिले असते, तर? ते निवडणारी बाई यहुदी कीं शेजारची आगरीण, हें त्यास कसें कळावें? सूप दोघींचें सारखेंच. एक किळस येते म्हणून सोंडा काढते, दुसरी आज्ञा आहे म्हणून. हा भेद सुपांत दिसत नाहीं. त्यासाठीं लेवीय ग्रंथाचा 11 वा अध्याय व त्यावरील शास्त्रचर्चा वाचावी लागते.

त्या चर्चेंत आरोग्याचा पक्ष टिकत नाहीं. नुसत्या डोळ्यांस न दिसणारा जंतु तेथें निषिद्ध नाहीं. दिसणारी अख्खी मुंगी मात्र हजारपट अन्नांत मिसळली तरी लोपली असें धरीत नाहींत. मधमाशी वर्ज्य, मध ग्राह्य. टोळांच्या चार जाती ग्राह्य. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे, खुडलेल्या फळांत उपजलेली अळी बाहेर सरपटली नाहीं तोंवर तालमूद तिला वर्ज्य मानीत नाहीं! कोणत्या वैद्यानें असा नियम केला असता?

2004 सालीं न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यांत बारीक कवचधारी जीव आढळले, तेव्हां तेथील धर्मशास्त्र्यांत मोठा वाद माजला. पाणी रोगट आहे, असा वाद नव्हता. तो जीव डोळ्यांस दिसतो असें म्हणावें काय, व पाणी गाळूनच प्यावें काय, यावर सारा खल होता.

आमच्या पलूस-तासगांवच्या बाजूस द्राक्षें उदंड, आणि साठवणींतल्या मनुकेस अळी लागते हें येथील बागाईतदारास सांगावयास नको. बेने इस्रायल घरांत शब्बाथाच्या किद्दूशसाठीं मद्याऐवजीं काळ्या मनुका भिजवून सरबत करण्याची रीत आहे. व्यापारी मनुका निवडतो ती भाव पडूं नये म्हणून. त्या सरबतासाठीं निवडणारीस भावाशीं कांहींच कर्तव्य नाहीं. केहीमकरांच्या ग्रंथावर मराठींत पुढें जो कोणी लिहील, त्यानें मासळीच्या कथेपाशीं थांबून या निवडण्याचाही विचार करावा, एवढीच सूचना आहे.